यादी खालून वर वाचताना

ठाण्यातील एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात मी बावीस वर्षे काम केले आणि त्यातील बराच काळ प्राध्यापकांच्या बढतीच्या अर्जांसोबत येणाऱ्या शोधनिबंधांच्या याद्या तपासण्यात गेला. निबंध किती, कोणत्या नियतकालिकांत आणि इतरांनी त्यांचे दाखले किती वेळा दिले, एवढे पाहिले की काम संपत असे. एखाद्या संशोधकाचे काम पहिल्यापासून क्रमाने वाचण्याची वेळ आली ती गेल्या वर्षी, सासूबाईंच्या खुब्याचे हाड मोडल्यावर.

त्यांचे वय ८१. शस्त्रक्रिया व्यवस्थित झाली, परंतु नौपाड्यातील घरी परतल्यावर महिनाभरात त्यांच्या मांड्या इतक्या बारीक झाल्या की खुर्चीतून उठतानाही हात द्यावा लागे. भेटायला येणारे प्रोटीन पावडरचा डबा सुचवत होते आणि फिजिओथेरपिस्ट ताई पायांना वजन बांधून व्यायाम घेण्याचा आग्रह धरत होत्या. या वयात वजन, या कल्पनेने आम्हा सर्वांना धास्ती वाटली, तेव्हा ताईंनी मला वृद्धांच्या व्यायामावर संशोधन करणाऱ्या मारिया फियाटारोनी यांचे नाव दिले.

पबमेड या वैद्यकीय शोधनिबंधांच्या ऑनलाइन सूचीत यादी तारखेनुसार लावली की सर्वांत नवा निबंध वर दिसतो, म्हणून मी खालून सुरुवात केली. आधीच्या निबंधांवर फियाटारोनी आणि नंतरच्या अनेकांवर फियाटारोनी सिंग असे आडनाव असल्याने एकाच नावाने शोधले तर बरेचसे काम हाती लागत नाही. स्त्री-संशोधकांच्या याद्या अशा दुभंगलेल्या मी ग्रंथालयातही पाहिल्या आहेत, आणि त्यापायी कोणाचे काम कमी मोजले जाणे हा मला अन्यायच वाटतो.

१९९० साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात आलेला त्यांचा निबंध अवघ्या दहा जणांवरचा होता. बोस्टनच्या वृद्धाश्रमातील, नव्वदीच्या आसपासच्या या अशक्त माणसांकडून आठ आठवडे पायांचा जड वजनाचा व्यायाम करून घेतला. नऊ जणांनी तो पूर्ण केला आणि त्यांच्या स्नायूंची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. आकडा थक्क करणारा आहे, पण तुलनेसाठी व्यायाम न करणारा गट त्यात नव्हता.

ती उणीव भरून काढणारा निबंध १९९४ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आला, आणि माझ्या दृष्टीने या यादीचे खरे मोल तिथे आहे. या वेळी शंभर वृद्ध, सरासरी वय ८७, दहा आठवडे आणि चार गट: केवळ व्यायाम, केवळ पूरक पोषक पेय, दोन्ही, आणि दोन्हींपैकी काहीच नाही. व्यायाम करणाऱ्यांची ताकद ११३ टक्क्यांनी वाढली, न करणाऱ्यांची जेमतेम ३ टक्क्यांनी. नुसत्या पेयाने अशक्तपणा कमी झाला नाही. दिवसभरात पोटात जाणारे एकूण उष्मांकही पेयाच्या जोडीला व्यायाम करणाऱ्यांमध्येच लक्षणीय वाढले. हे वाचताना मला आमचे स्वयंपाकघर आठवले, कारण सासूबाई दुपारी दुधातून पावडर घेत आणि संध्याकाळची भाकरी तशीच ठेवून देत. वृद्धत्व आणि आहार या विषयात काम करणाऱ्या संशोधकांनी आहाराची मर्यादा इतक्या स्पष्टपणे मांडली, याचा मला मनापासून आदर वाटतो.

खुब्याच्या ओढीने मी मधली वर्षे ओलांडून २०१२ च्या निबंधावर गेले. त्यात फियाटारोनी सहलेखिका आहेत. खुब्याचे हाड मोडलेल्या १२४ रुग्णांपैकी ज्यांना वर्षभर वजनांचा व्यायाम आणि त्यासोबत आहार, ड जीवनसत्त्व, दृष्टी, औषधांची संख्या अशा बाबींवर नेमके उपचार मिळाले, त्यांच्यात मृत्यू आणि वृद्धाश्रमात दाखल होण्याचे प्रमाण नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपेक्षा कमी आढळले. व्यायामाचा वाटा किती आणि इतर उपचारांचा किती, हे अशा एकत्रित रचनेतून वेगळे काढता येत नाही, हेही लक्षात ठेवायला हवे.

डॉक्टरांच्या संमतीने ताईंनी अर्ध्या किलोपासून सुरुवात केली. पावडर बंद केलेली नाही, फक्त ती आता व्यायामानंतर दिली जाते आणि संध्याकाळी भाकरीसोबत मुगाची उसळ असते. सासूबाई खुर्चीतून स्वतः उठतात, मात्र तलावपाळीपर्यंत चला म्हटले की नको म्हणतात. त्यामुळे सध्या मी मागे राहिलेला १९९७ चा निबंध वाचते आहे; तो नैराश्याने ग्रासलेल्या वृद्धांना याच व्यायामाचा काय उपयोग होतो, याविषयी आहे.