तुम्ही विचारलंत म्हणून: ऑक्युपेशनल थेरपीत (ओटीत) मास्टर्स कुठे करू?

इंटर्नशिप संपत आली की मुलं विचारतात, "मॅडम, इथली मास्टर्सची प्रवेश परीक्षा, पीजीओ-सीईटी, देऊ की बाहेर जाऊ? कॉलेज कुठलं घेऊ?" ऑक्युपेशनल थेरपीत, म्हणजे आजार-दुखापत असली तरी माणसाला रोजची कामं जमवून देण्याच्या या विषयात, पुढे शिकायचं म्हणतायत, याचाच मला आधी आनंद होतो.

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते: इमारत बघू नका, ओपीडी बघा. एक अख्खी सकाळ तिथे बसून काढा.

मी मुंबईत, महापालिकेच्या रुग्णालयात शिकले. एकदा एक इस्त्रीवाले काका आले. दंडाचं हाड मोडलं, त्यात नस दुखावली आणि मनगट खाली लोंबायला लागलं. मी मनगट सावरणारा स्प्लिंट केला. पट्टी गरम पाण्यात मऊ केली, हातावर बसवली, कडा घासल्या. मला तो छान जमलाय असं वाटत होतं. आमच्या सरांनी तो बघितलाही नाही. एडीएल रूममधली, म्हणजे रोजच्या कामांचा सराव करून घेतात त्या खोलीतली, इस्त्री आणून काकांसमोर ठेवली, म्हणाले, "धरा." काकांची बोटं मुठीभोवती मिटेनात. तळव्यावरच्या रेषेच्या पुढे माझी कड आली होती, जेमतेम अर्धा सेंटिमीटर. सर म्हणाले, "काप." तेवढं कापल्यावर मूठ बसली. काकांनी टेबलावरच्या चादरीवरून इस्त्री दोनदा फिरवली, गरम नव्हती तरी.

ते अर्धा सेंटिमीटर मला पुस्तकात सापडलं नसतं. शेजारी उभा राहणारा शिक्षक हवा आणि समोर पेशंट हवेत, भरपूर. परळच्या केईएममध्ये १९५० साली कमला निंबकरांनी ओटीची शाळा काढली, ती रुग्णालयातच. आपला विषय तिथेच शिकायचा असतो, असं मी अगदी मनापासून मानते.

शाखा कुठली घ्यायची, न्यूरो (मेंदू आणि नसा), पीडियाट्रिक्स (लहान मुलं) की हँड (हाताचे पेशंट), हे पगार बघून ठरवू नका. इंटर्नशिपमध्ये कुठल्या पोस्टिंगला घड्याळाकडे लक्ष जात नव्हतं, ते आठवा.

बाहेर जायचं असेल तर एक गोष्ट नीट समजून घ्या. अमेरिकेत नव्याने ओटी होणाऱ्यांचे अभ्यासक्रम वेगळे आणि आधीच ओटी असलेल्यांचे वेगळे. तुम्ही दुसऱ्या गटातले. पण त्या पदवीवर तिथे पेशंट बघता येत नाहीत. एनबीसीओटीची, म्हणजे तिथे ओटींना प्रमाणपत्र देणाऱ्या मंडळाची, परीक्षा आणि त्या राज्याचं लायसन्स लागतंच. लाखोंचं कर्ज काढण्याआधी हे घरच्यांना समोर बसवून सांगा. फी आईबाबा भरणार असतात, आणि त्यांना हे कोणीच सांगत नाही.

कॉलेज बघायला जाल तेव्हा दुसऱ्या वर्षाच्या मुलांना चहाला घेऊन बाहेर पडा. एका गाईडकडे किती जण आहेत, डिझर्टेशनचा विषय कोणी ठरवला, आणि गाईड पेशंटजवळ शेवटचे कधी बसले होते, एवढं विचारा. जमलं तर सोमवारी जा. सोमवारी ओपीडीला गर्दी असते.