आठ महिने बंद पडून राहिलेला टॅबलेट सुरू करताना: माझा अनुभव

आठ महिने कपाटात पडून राहिलेला टॅबलेट बाहेर काढून मी पॉवर बटण दाबले, तेव्हा काहीही झाले नाही. चार्जरला लावूनही पडदा काळाच राहिला. बॅटरीचे चिन्ह नाही, कंपन नाही, आवाज नाही. तो पुन्हा सुरू व्हायला एक संध्याकाळ आणि एक रात्र लागली. त्यातील संध्याकाळ सर्वस्वी माझ्या उतावीळपणामुळे वाया गेली, हे आता मान्य करते. मात्र त्या उतावीळपणाला खतपाणी घालणारा सल्ला मला जिथे-तिथे मिळाला, तो म्हणजे ‘पंधरा मिनिटे चार्ज करा आणि मग बटण दाबा’. त्या पंधरा मिनिटांवरचा माझा राग अजून गेलेला नाही.

प्राथमिक तपासणी लवकर उरकली. त्याच अडॅप्टरवर आणि त्याच केबलवर फोन चार्ज होत होता, म्हणजे दोन्ही ठीक होते. चार्जिंगच्या खाचेत कापसासारखा कचरा दाबून बसला होता, तो लाकडी टूथपिकने हलकेच काढल्यावर केबल पूर्वीपेक्षा घट्ट बसू लागली. (टाचणी किंवा सुई वापरू नये, आतले संपर्कबिंदू वाकले तर नसलेला बिघाड आपणच निर्माण करून बसतो.)

त्यानंतर मी त्या पंधरा मिनिटांच्या फेऱ्यात अडकले. घड्याळ लावून पंधरा मिनिटे थांबायचे, बटण अर्धा मिनिट दाबून धरायचे, काही होत नाही म्हणून केबल काढून पुन्हा लावायची, प्लग बदलायचा आणि पुन्हा घड्याळ लावायचे, असे मी पाच-सहा वेळा केले. मधल्या काळात अडॅप्टरवरच संशय घेऊन टॅबलेट लॅपटॉपला जोडला आणि शहाणपणा केल्याच्या समाधानात तासभर दुसरे काम केले. परत येऊन पाहते तो लॅपटॉप स्वतःच झोपी गेलेला आणि त्याने यूएसबीचा वीजपुरवठाही बंद केलेला. तसेही साध्या यूएसबी २.० पोर्टमधून ५ व्होल्टला जेमतेम ५०० मिलिअँपिअर, म्हणजे अडीच वॉट मिळतात, आणि टॅबलेटचा अडॅप्टर सहसा १० वॉट किंवा त्याहून अधिक क्षमतेचा असतो. तो तास गेला तो गेलाच.

पंधरा मिनिटे का पुरत नाहीत, हे मला नंतर समजले. टॅबलेटच्या बॅटरीतला लिथियम-आयन सेल पूर्ण भरलेला असताना साधारण ४.२ व्होल्टवर असतो आणि तो ३ व्होल्टच्या आसपास उतरण्याआधीच उपकरण स्वतःला बंद करून घेते. परंतु बंद उपकरणातही थोडी वीज झिरपत राहते, शिवाय सेल स्वतःहूनही हळूहळू उतरतो. त्यामुळे काही महिन्यांत व्होल्टेज आणखी खाली जाते आणि शेवटी बॅटरीतील संरक्षक सर्किट तिला बाहेरच्या जगापासून तोडून टाकते. अशा बॅटरीला एकदम जोराचा प्रवाह देणे धोक्याचे असल्यामुळे चार्जिंगची यंत्रणा आधी अगदी बारीक धारेने वीज सोडते आणि व्होल्टेज सुरक्षित पातळीवर आल्यावरच नेहमीचा वेग धरते. या टप्प्यात पडदा उजळण्याइतकीही शक्ती नसते. म्हणजे आत काम चालू असते आणि बाहेर आपल्याला मेलेला टॅबलेट दिसत असतो. आणि आपण केबल उपटून ते काम दर वेळी थांबवत असतो.

हे ठाऊक नसल्यामुळे मी संध्याकाळी सर्व्हिस सेंटरही गाठले. तिथल्या माणसाने बटण दोनदा दाबले, टॅबलेट उलटा करून पाहिला आणि ‘बोर्ड गेला आहे’, म्हणजे आतले मुख्य सर्किटच निकामी झाले आहे, असे सांगून एक अर्ज पुढे सरकवला. दुरुस्तीत डेटा पुसला गेल्यास आमची जबाबदारी नाही, अशी एक ओळ त्यावर बारीक अक्षरांत होती. त्या टॅबलेटमध्ये माझ्या हस्तलिखित टिपणांच्या तीन वह्या होत्या आणि त्यांची प्रत दुसरीकडे कुठेही नव्हती. मी सही केली नाही. साधा मीटर न लावता दोन मिनिटांत बोर्ड मृत ठरवणाऱ्यावर विश्वास का ठेवायचा, हा प्रश्न मी तिथे विचारला नाही, याची खंत आहे.

घरी आल्यावर मूळ अडॅप्टर थेट भिंतीतल्या प्लगला लावला आणि साधारण चाळीस मिनिटांनी लोगो उमटला. मी आनंदाने उडालेच. दहा सेकंदांत पडदा पुन्हा काळा झाला. पुन्हा लोगो, पुन्हा काळोख. खरे तर ते शुभचिन्ह होते: सुरू होताना लागणारी वीज बॅटरीत साठलेल्या विजेपेक्षा जास्त असल्याने टॅबलेट मध्येच कोसळत होता. पण मी मात्र प्रत्येक वेळी बटण दाबून त्याला पुन्हा उठवत राहिले आणि जमलेली थोडीशी वीज उधळत राहिले. अखेरीस वैतागून टॅबलेट दुसऱ्या खोलीत नेला, चार्जरला लावून उपडा ठेवला आणि झोपायला गेले. त्या दिवसातील माझा एकमेव योग्य निर्णय हाच होता.

सकाळी बॅटरीच्या चिन्हात १०० टक्के दिसत होते. पॉवर आणि आवाज कमी करण्याचे बटण एकत्र वीस सेकंद दाबून धरल्यावर टॅबलेट नीट सुरू झाला. अनेक अँड्रॉइड टॅबलेटवर सक्तीने रीस्टार्ट करण्यासाठी हीच जोडी चालते. होम बटण असलेल्या आयपॅडवर होम आणि वरचे बटण एकत्र धरायचे असते. होम बटण नसेल तर वरच्या बटणाजवळचे आवाजाचे बटण दाबून सोडायचे, मग त्याच्या पलीकडचे दाबून सोडायचे आणि मग लोगो दिसेपर्यंत वरचे बटण धरून ठेवायचे. पॉवरबरोबर आवाज वाढवण्याचे बटण धरले, तर बऱ्याच अँड्रॉइड टॅबलेटवर रिकव्हरीचा, म्हणजे दुरुस्तीच्या पर्यायांचा, मेनू उघडतो. तिथला फॅक्टरी रीसेटचा पर्याय सगळा डेटा पुसतो, त्यामुळे उत्सुकतेपोटी तिकडे बोट नेऊ नये.

एक गोष्ट खरे तर सर्वांत आधी सांगायला हवी होती: पडदा कडेने उचललेला किंवा पाठ फुगलेली दिसली, तर चार्जरला हातही लावू नये, कारण ती फुगलेली बॅटरी असते. तसेच चार्जिंगला लावल्यावर आवाज किंवा कंपन येत असूनही पडदा काळा असेल, तर अंधारात त्यावर टॉर्चचा झोत तिरका टाकून पाहावा. पुसटसे चित्र दिसले तर टॅबलेट जिवंत आहे आणि केवळ मागचा दिवा गेला आहे.

सुरू झाल्यावर घड्याळ १ जानेवारी १९७० दाखवत होते आणि वायफाय जोडल्यावर ते आपोआप ताळ्यावर आले. रीस्टार्टनंतर बोटाचा ठसा चालत नाही, पिन द्यावाच लागतो, हे मात्र मी विसरले होते. आठ महिन्यांपूर्वीचा पिन चौथ्या प्रयत्नात आठवला आणि त्यानंतर पहिल्या दहा मिनिटांत तिन्ही वह्यांची प्रत दुसरीकडे उतरवून घेतली. हल्ली टॅबलेट कपाटात ठेवताना बॅटरी निम्मी भरलेली ठेवते आणि दोन महिन्यांनी एकदा पाहते.