सिस्टममध्ये दिसत नाही

‘ट्रेड्सवर बिल डिस्काउंट करा, दोन दिवसांत पैसे खात्यात,’ असं आमच्या सीएंनी सांगितलं होतं. ट्रेड्स म्हणजे ऑनलाइन मंच: कंपनीकडे अडकलेल्या बिलाचे पैसे तिथे बँका थोडी रक्कम कापून छोट्या पुरवठादाराला आधीच देतात. सीएंचं म्हणणं खोटं नाही. फक्त ते दोन दिवस कुठून मोजायचे, हे त्यांनी सांगितलं नाही.

भोसरीत आमचं छोटं मशीन शॉप आहे. स्टीलवाल्याला महिन्यात पैसे द्यायचे, पगार सात तारखेला, आणि ज्या कंपनीला पार्ट देतो तिच्याकडून येणार नव्वद दिवसांनी, तेही तिच्या मर्जीने. सीसी (कॅश क्रेडिट, म्हणजे माल आणि येणी बघून बँकेने दिलेली उचल) होती, पण आमच्या सँक्शन लेटरप्रमाणे नव्वद दिवसांवरची येणी धरत नाहीत आणि उरलेल्यावर ४० टक्के मार्जिन, म्हणजे तेवढा भाग कापूनच उचल. सहा लाखांची बिलं जुनी झाली आणि डीपी (ड्रॉइंग पॉवर, म्हणजे प्रत्यक्ष उचलता येणारी रक्कम) साडेतीन लाखांवर घसरली. म्हणजे पैशांची गरज सर्वांत जास्त, नेमकी तेव्हाच लिमिट आकसते.

ट्रेड्सची नोंदणी बिनबोभाट झाली. उद्यम (सरकारकडची लघुउद्योग नोंदणी), पॅन, जीएसटी तिन्हीकडे नाव अक्षरशः एकच हवं, एवढं बघा. बिल चढवलं आणि गाडी अडली. कारण खरेदीदार कंपनीने ते ‘ॲक्सेप्ट’ केल्याशिवाय बँका बोलीच लावत नाहीत.

आता फिरा! अकाउंट्स म्हणे, जीआरएन (माल मिळाल्याची नोंद) नाही. स्टोअर्स म्हणे, माल क्वालिटीत आहे. क्वालिटीवाला म्हणे, मी कधीच पास केलाय. परत अकाउंट्स: ‘सिस्टममध्ये दिसत नाही.’ माझ्या हातात गेटच्या इनवर्ड शिक्क्याची डिलिव्हरी चलनाची कॉपी, आणि आमचेच पार्ट तिकडे लाइनवर गाड्यांना लागत होते! शेवटी स्टोअर्समधल्या एका पोराने शोधलं. पीओच्या (खरेदी ऑर्डरच्या) रिव्हिजनचा आकडा चलनावर जुना होता, कारण नवी रिव्हिजन त्यांनी आम्हाला पाठवलीच नव्हती. सुधारित चलन दिलं, जीआरएन निघाला. तरी ॲक्सेप्ट करणारे साहेब मीटिंगमध्येच. एका टिचकीचं काम!

थकलेल्या पैशांसाठी सरकारच्या पोर्टलवर तक्रार करता येते. २००६ च्या एमएसएमई कायद्यात लेखी करार असला तरी ४५ दिवसांची कमाल मर्यादा आहे आणि उशिरावर रिझर्व्ह बँकेच्या ‘बँक रेट’च्या तिप्पट चक्रवाढ व्याज. पण पाण्यात राहून माशाशी वैर कोण घेणार? मी नाही घेतलं. मी फक्त अकाउंट्सच्या मॅनेजरना नम्रपणे मेल केला, उद्यम सर्टिफिकेट जोडून, १९६१ च्या आयकर कायद्यातल्या ४३बी(एच) कलमाचा उल्लेख करून: सूक्ष्म-लघु पुरवठादाराच्या पैशांची मुदत टळली आणि ३१ मार्चपर्यंतही ते दिले नाहीत, तर तो खर्च कंपनीला त्या वर्षी कर मोजताना वजा करता येत नाही. फेब्रुवारी संपत आला होता. साहेबांची मीटिंग संपली.

पुढे सगळं सुरळीत. नऊ टक्क्यांच्या आसपास बोली आली. चार लाखांच्या बिलावर साठ दिवसांचे साधारण ५,९०० रुपये गेले. दर कंपनीची पत बघून ठरतो, आपली नाही. तारण नाही, आणि कंपनीने उद्या पैसे बुडवले तरी बँक आपल्या मागे लागत नाही. सीसीपेक्षा मला हे कितीतरी पटलं.

हो, एक राहिलं. डिस्काउंट झालेलं बिल सीसीसाठी द्यायच्या स्टॉक स्टेटमेंटमधल्या येण्यांतून काढा आणि सीसीच्या बँकेला आधीच कळवून ठेवा, नाहीतर एकाच बिलावर दोनदा पैसे उचलल्यासारखं होतं. आणि पीओची ताजी रिव्हिजन माल गाडीत चढवण्याआधी फोन करून विचारा. मेलची वाट बघू नका.