मॉन्टूचा हात

मी मिरजेत एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. टीबीच्या मॉन्टू टेस्टचे हात वाचणं, म्हणजे टोचल्या जागी उठलेली गाठ मोजणं, हा त्या कामाचाच भाग. कोपर आणि मनगटाच्या मधे, कातडीच्या वरच्या थरात ०.१ मिली ट्युबरक्युलिन सोडायचं, भोवती बॉलपेनने गोल काढायचा आणि बजावायचं : खाजवू नका, मलम लावू नका, तिसऱ्या दिवशी या.

गेल्या पावसाळ्यात एकाच सकाळी दोन हात समोर आले. पहिला जतकडच्या एका धडधाकट तरुणाचा. घरात आत्याला टीबी निघाला म्हणून सगळ्यांची तपासणी चालली होती. त्याची गाठ १७ मिमी. आईने पदर डोळ्याला लावला. "ताई, पोराला लागलंच की ओ!" दुसरा हात कवठेमहांकाळहून आलेल्या आजोबांचा. वजन उतरलेलं, खोकला हटत नव्हता, संध्याकाळी ताप. हात मात्र साफ सपाट. त्यांची सून म्हणाली, "बरं झालं बाई, काय न्हाई निघालं."

दोघींनाही मला उलटं सांगायचं होतं.

ट्युबरक्युलिनमध्ये जिवंत जंतू नसतात, टीबीच्या जंतूची फक्त प्रथिनं असतात. हातावरची गाठ ही आजाराची गाठ नाही. पूर्वी कधीतरी टीबीच्या जंतूशी गाठ पडलेल्या टी पेशी (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) ती प्रथिनं ओळखतात, तिथे जमतात, इतर पेशींना बोलावतात, आणि कातडी टणक होते. याला ४८ ते ७२ तास लागतात, म्हणून तिसरा दिवस. हे काम रक्तातल्या प्रतिपिंडांचं (अँटिबॉडीजचं) नसून पेशींचं आहे, हे १९४५ मध्ये मेरिल चेस या शास्त्रज्ञांनी गिनिपिगवर दाखवलं. टीबीची ओळख झालेल्या प्राण्याचा सीरम, म्हणजे पेशी काढलेला रक्ताचा पातळ भाग, दुसऱ्याला देऊन काही होईना; त्याच्या पेशी दिल्या तेव्हा दुसऱ्याच्या कातडीतही गाठ उठली.

म्हणजे जतच्या त्या पोराच्या टी पेशी जाग्या होत्या. जंतू शरीरात शिरलेल्या शंभर जणांपैकी साधारण पाच ते दहा जणांनाच आयुष्यात कधीतरी टीबी होतो. बाकीच्यांच्या टी पेशी त्याला फुप्फुसातच वेढा घालून धरून ठेवतात. लहानपणीच्या बीसीजीने, म्हणजे टीबीच्या लसीनेही, कधी कधी गाठ येते. त्याचा एक्स-रे स्वच्छ होता. घरात रुग्ण असल्यामुळे डॉक्टरांनी प्रतिबंधक गोळ्या सुरू केल्या. आईला मी एवढंच म्हटलं, "पोरगं आजारी न्हाई, त्याचं शरीर राखण करतंय. पण गोळ्या चुकवू नका."

आजोबांची काळजी मला जास्त वाटत होती. टीबी फार पसरला, अंगात अन्न नसलं, एचआयव्ही असला, स्टेरॉइड चालू असली, तर टी पेशी कधी कधी उत्तरच देत नाहीत. लहान मुलांमध्ये गोवरानंतरही काही आठवडे असं होतं. सपाट हात म्हणजे 'जंतू नाही' असा अर्थ कधीच काढू नये. आजोबांची थुंकी सीबीनॅटला, म्हणजे टीबीच्या जंतूचा जनुकीय अंश शोधणाऱ्या तपासणीला, गेली आणि त्यात टीबी निघाला.

टी पेशींवर रोगाचं रूप कसं ठरतं, हे कुष्ठरोगात सगळ्यात स्पष्ट दिसतं, आणि इथल्या रिचर्डसन कुष्ठरोग रुग्णालयामुळे तो आजार मिरजकरांना परका नाही. जंतू एकच. टी पेशींचा प्रतिसाद जोरदार असेल तर एखाद-दुसरा बधिर चट्टा आणि जंतू अगदी थोडे. प्रतिसाद दुबळा असेल तर अंगभर गाठी आणि कातडीत असंख्य जंतू. पण जोरदार प्रतिसादाचीही किंमत असते. उपचार चालू असताना टी पेशी एकदम उसळल्या की नस सुजते, आणि वेळेवर स्टेरॉइड मिळालं नाही तर हाताची बोटं वाकडी राहू शकतात.

एचआयव्हीत याच कारणाने माणसं हबकतात. सीडी-४ या टी पेशी रक्ताच्या एका घन मिलिमीटरमागे २०० च्या खाली गेलेल्या असतात, तेव्हा आत टीबी असूनही शरीर गप्प असतं. एआरटी, म्हणजे एचआयव्हीवरच्या गोळ्या, सुरू होते, पेशी वाढू लागतात, आणि काही आठवड्यांत ताप येतो, मानेत गाठी फुगतात. घरचे म्हणतात, गोळ्या बाधल्या. एका ताईंनी तर गोळ्यांची पिशवीच आणून माझ्या टेबलावर ठेवली होती. त्यांना मी खुर्चीत बसवून सांगितलं : ताई, तुमच्या पेशी परत आल्यात आणि लपलेल्या जंतूंवर तुटून पडल्यात. गोळ्या मनाने बंद करू नका, आत्ताच्या आत्ता डॉक्टरांकडे चला. त्या गेल्या. टीबीचं औषध सुरू झालं, एआरटी चालूच राहिली.

आता पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सीवाय-टीबी ही मॉन्टूसारखीच हातावरची टोचणी आली आहे. तिच्यातली दोन प्रथिनं बीसीजीत नसतात, म्हणून बीसीजीमुळे फसगत होत नाही. वाचायला तिसऱ्या दिवशी यावं लागतं ते तसंच.

आणि हे कळकळीने सांगते, कारण लांबची माणसं हल्ली हाताचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतात. एसटीचं भाडं, बुडालेली रोजंदारी, मला समजतं. पण फोटोत लाली दिसते, आणि लाली आम्ही मोजत नाही. मोजतो तो टणकपणा, तोही बोटाने चाचपून, कडेला बॉलपेन अडेल तिथे खूण करून. जत, अथणीकडून येणार असाल तर सोमवारी किंवा मंगळवारी टोचून घ्या. शुक्रवारी टोचलं तर मधे रविवार येतो.