कर्म गाळलेलं एक वाक्य

बायबलच्या नव्या करारातलं करिंथकरांस पहिलं पत्र, अध्याय 7, वचन 21. पत्र लिहिणारा प्रेषित पौल गुलामाला सांगतो, मोकळं होता येत असेल तर ‘उलट उपयोग करून घे’. कशाचा? मूळ ग्रीकमध्ये कर्मच नाही. ‘संधीचा’ धरा किंवा ‘गुलामीचा’, व्याकरण दोन्हीला मुभा देतं. चौथ्या शतकातला धर्मगुरू ख्रिसोस्तोम याने दुसरा अर्थ धरला, म्हणजे गुलामच राहा. त्याच शतकातल्या गंग्राच्या (आशिया मायनर, आजचं तुर्कस्तान) धर्मसभेने, म्हणजे बिशपांच्या बैठकीने, तर भक्तीच्या नावाखाली गुलामांना चाकरी सोडायला शिकवणाऱ्यांनाच शापित ठरवलं.

त्याच शतकातला बिशप, निस्साचा ग्रेगरी मात्र वेगळ्याच मातीचा. ‘मी दासदासी विकत घेतल्या’ हे बायबलच्या जुन्या करारातलं वचन (उपदेशक 2:7) वाचून तो विकत घेणाऱ्याला थेट भाव विचारतो: देवाच्या प्रतिमेचे, म्हणजे माणसाचे, किती ओबोल (ग्रीक नाणी) मोजलेस? गुलामांना नीट वागवा एवढ्यावर तो थांबत नाही, मालकीच खोडून काढतो. त्या काळात हे जवळजवळ एकट्याचंच.