डिलीट कुठे लिहायचं?

आज दिवसभर सी प्लस प्लसवाल्या प्रोग्रॅमर्सना सी शार्प ही दुसरी प्रोग्रॅमिंग भाषा शिकवली. वर्गातल्या सगळ्यात 'नव्या' माणसाचीही दहा वर्षं झालेली. नवख्यांना शिकवणं सोपं असतं, त्यांना काही विसरायचं नसतं.

सिंटॅक्स, म्हणजे भाषेचं व्याकरण, तासाभरात उरकला. गाडी अडली ती मेमरीवर. सी प्लस प्लसमध्ये मागून घेतलेली मेमरी आपणच 'डिलीट' लिहून परत करायची; सी शार्पमध्ये ते काम गार्बेज कलेक्टर आपोआप करतो. एका ज्येष्ठ सरांनी फाइल बंद करायचा कोड सवयीने टिल्डा (~) लावून डिस्ट्रक्टरमध्ये, म्हणजे ऑब्जेक्ट संपताना चालणाऱ्या फंक्शनमध्ये, लिहिला. सी प्लस प्लसमध्ये लोकल ऑब्जेक्टचा महिरपी कंस संपला की डिस्ट्रक्टर चाललाच. सी शार्पमध्ये टिल्डा तोच, पण तो फायनलायझर. गार्बेज कलेक्टरला सवड होईल तेव्हा चालणार, कदाचित चालणारही नाही. वर असा ऑब्जेक्ट पहिल्या फेरीत मरतही नाही, फायनलायझरच्या रांगेत लागून पुढच्या जनरेशनमध्ये, म्हणजे कलेक्टर कमी वेळा तपासतो त्या जुन्या ऑब्जेक्टांच्या गटात, जातो.

सरांनी तीच फाइल परत लिहायला उघडली आणि एक्सेप्शन तोंडावर: फाइल दुसरी प्रोसेस वापरतेय. दुसरी कसली, आपलीच! आधी उघडलेली फाइल अजून बंदच झाली नव्हती.

मग डिस्पोज (फाइल लगेच सोडणारी मेथड) आणि युझिंग (ब्लॉक संपताच डिस्पोज आपोआप चालवणारा शब्द) दाखवलं. सर चष्मा काढून म्हणाले, "म्हणजे मेमरी तुमचा कलेक्टर बघणार, बाकीची उस्तवार आमच्याच गळ्यात?"

अगदी तेच. इतकं नेमकं मला दिवसभरात एकदाही सांगता आलं नव्हतं. उद्याच्या स्लाइडवर हे वाक्य सरळ ढापणार आहे.

निघताना एका मॅडमच्या स्क्रीनकडे लक्ष गेलं. प्रत्येक फंक्शनच्या शेवटी जीसी डॉट कलेक्ट, म्हणजे गार्बेज कलेक्टरला 'आत्ताच चाल' असा हुकूम!

"हात शिवशिवतात हो," म्हणाल्या. "काहीतरी डिलीट केल्याशिवाय फंक्शन संपल्यासारखं वाटत नाही."

उद्या सकाळी तिथूनच सुरुवात.