फाउबान: मोटारीला बंद, पायी मोकळं

रस्त्यांची जोडणी मोजताना नुसतं मोटारींचं जाळं घेतलंत, तर जर्मनीतल्या फ्रायबुर्ग शहराचा फाउबान हा भाग चक्क नापास होतो. तिथल्या राहत्या गल्ल्या ‘यू’ आकाराच्या, मोटारीला आरपार वाटच नाही. पायवाटा नि सायकलवाटा मात्र थेट पलीकडे निघतात. म्हणून ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या ऑनलाइन नकाशावरून दोन्ही जाळी वेगवेगळी उतरवा. मोजायच्या भागाच्या हद्दीवर रस्ते कापले की खोटी बंद टोकं तयार होतात (हा घोळ हमखास होतो!), तेव्हा 500 मीटर बाहेरपर्यंतचं जाळं घ्या, मोजा, मग कापा. दुभाजकाच्या रस्त्यांचा एकच चौक चारदा मोजला जातो. म्हणून 10-15 मीटरच्या आतले चौकाचे बिंदू एकत्र करा.

शहराचा प्रत्येक विस्तार सारखा नसतो. फाउबान फ्रेंच लष्कराच्या जुन्या छावणीवर उभा आहे, 2006 पासून तिथे ट्राम आहे. फ्रायबुर्गच्याच डीटेनबाख या नव्या वसाहतीला मात्र शेतजमीन जाते. 2019 च्या सार्वमतात लोकांनी तरीही होकार दिला.